लॉनमध्ये दरवर्षी त्याच जागी पिवळे डाग: औषध मारण्याआधी हे तपासा

पोळा झाला की फोन सुरू होतात. जळगाव, भुसावळ, धुळे, मधूनच एखादा शहाद्याकडून. तक्रार ठरलेली: जुलैत लॉन हिरवंगार होतं, आता मध्येच पिवळे पट्टे पडलेत, मागच्या वर्षीही इथेच पडले होते, पाणी देऊन काही फरक नाही. माळी म्हणतो, "पानी कमी पडी ऱ्हायनं भाऊ." दुकानदार एक बाटली बुरशीची देतो, एक किडीची. दोन्ही एकाच पंपात मिसळून मारल्या जातात. दिवाळीपर्यंत डाग आणखी पसरतो, तेवढा तुकडा उकरून नवीन गवत लावलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

डाग दरवर्षी परत येतो याचं कारण बहुतेक वेळा औषध हलकं निघालं हे नसतं. औषध चुकीच्या महिन्यात पडलेलं असतं, किंवा जिथे औषधाचा संबंधच नाही तिथे पडलेलं असतं. आपल्या खान्देशात लॉन मरायची कारणं फार नाहीत. हुमणी (म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी पांढरी अळी), पाणी आणि खालची माती या तिघांत बरीचशी प्रकरणं संपतात. बाकी बुरशी, उधई (वाळवी), लष्करी अळी, कुत्रा आणि लग्नाचा मांडव.

आधी एक गोष्ट. तुमचं लॉन म्हणजे बहुधा हरळीच. सिलेक्शन-1 म्हणून मिळते तीही निवडलेली हरळीच आहे. आपल्याकडे बाप शेतातली हरळी खणायला मजूर लावतो आणि मुलगा प्लॉटवर तीच चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो. गमतीचा भाग सोडा, पण ही जात चिवट आहे हे लक्षात ठेवा. 45 अंशांचा मे ती काढते, पायाखाली तुडवलेली परत फुटते. अशी हरळी गोल तुकड्यात मरत असेल तर खाली काहीतरी घडतंय. मेक्सिकन म्हणून विकतात त्या बारीक पानाच्या गवताचं तसं नाही. ते दिसायला छान, वाढायला संथ, पण एकदा डाग पडला की भरायला वर्ष घेतं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी खालचं बुरशीबद्दलचं नीट वाचा.

गुडघे टेकून बघा

उभ्याने बघून निदान होत नाही. डागाच्या मधोमध बघू नका, तिथे सगळं मेलेलं असतं, आणि मेलेलं गवत कशाने मेलं ते सांगत नाही. जिथे पिवळं संपून हिरवं सुरू होतं त्या कडेला बसा. तिथे मुठीत गवत धरून वर ओढा, झटका न देता.

तीनपैकी एक काहीतरी होईल. पूर्ण थर चटईसारखा उचलला गेला आणि खाली मुळंच नाहीत, भुसभुशीत माती आहे: हुमणी. नुसती पानं तुटून हातात आली, त्यांचा बुडखा तपकिरी, ओलसर, कुजका आहे, पण मुळं जमिनीत घट्ट आहेत: बुरशी. ओढूनही काही येत नाही, गवत पक्कं आहे, फक्त वाळलंय: पाणी किंवा माती. हा प्रयोग फुकट आहे, दोन मिनिटांचा आहे आणि दुकानात जाण्याआधी करायचा आहे.

मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा कपडे वाळवायच्या तारेला असते तशी बारीक सळई घ्या. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी चांगल्या जागी टोचा, मग डागाच्या जागी टोचा. चांगल्या जागी सहा इंच सहज जाते आणि डागात दोन इंचांवर 'टक्' होऊन थांबते, तर खाली राडारोडा आहे. नवीन बंगल्यांत हे सर्रास असतं. बांधकाम संपलं की विटांचे तुकडे, सिमेंटचं साचलेलं पाणी, प्लास्टरचा माल तिथेच सपाट करतात, वर एक ट्रॉली लाल माती आणि त्यावर गवत. पावसाळ्यात काही कळत नाही. मार्चपासून नेमका तोच चौकोन पिवळा पडतो, कारण तिथे मुळांना ओल धरायला माती नाही. याला औषध नाही. कुदळ घ्या, फूटभर खोल उकरा, माल काढा, माती भरा. एका दिवसाचं काम आहे, पण लोक चार वर्षं फवारण्या करतील आणि उकरणार नाहीत.

हुमणी: इथेच सगळ्यांचं चुकतं

ऊस आणि भुईमूगवाल्यांना हुमणी सांगायला नको. लॉनवाल्यांना मात्र ती दिसते तेव्हा बोटाएवढी झालेली असते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

तिचं वर्ष असं चालतं. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर येतात. दिवेलागणीला उडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर रात्र काढतात आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. मादी ओलसर जमिनीत अंडी घालते. आता विचार करा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आजूबाजूचं शिवार अजून कोरडं असतं आणि रोज पाणी मिळणारी ओली, भुसभुशीत जागा म्हणजे तुमचं लॉन. त्यात कोणीतरी "पावसाच्या आधी खत घालावं" म्हणून कच्चं शेणखत पसरलेलं असतं. आमंत्रणच ते.

साधारण दहा-बारा दिवसांत अंड्यातून अळी निघते. पहिले काही आठवडे ती बारीक असते, कुजलेलं खाते, कोवळी मुळं खाते, आणि वरून लॉन छान दिसत असतं, कारण पाऊस चालू आहे. ऑगस्टच्या मध्यानंतर ती शेवटच्या टप्प्यात जाते आणि मुळांवर तुटून पडते. पोळ्याच्या सुमारास पावसाने चार-आठ दिवस उघडीप दिली की मुळं नसलेलं गवत एकदम पिवळं पडतं. आपल्याला वाटतं रोग आत्ता आला. तो जूनमध्येच आलेला असतो.

म्हणून औषधाची वेळ आहे जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अळी लहान असताना. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली मोठी अळी औषधाला फारशी दाद देत नाही. थंडी लागली की ती खोल जाते आणि कोष करते. त्यामुळे दिवाळीनंतर उकरलं तर काही सापडत नाही आणि माळी म्हणतो, औषधाने मेली बघा. ती मेली नसते, खाली गेलेली असते.

किती आहेत ते मोजायला जुलैच्या शेवटी फूटभर लांब-रुंद चौकोन तीन इंच खोल कापून उलटा करा आणि माती बोटांनी चाळा. एक-दोन अळ्या सापडल्या तर घाबरू नका, चांगली वाढलेली हरळी तेवढं सोसते. पाच-सहाच्या वर गेल्या तर हालचाल करा. लॉनवर सकाळी साळुंक्या, बगळे, कावळे एकाच जागी चोची मारताना दिसत असतील तर आधी तिथे खणा. पक्षी उगाच येत नाहीत.

इथे एक खबरदारी. मातीत सापडलेली प्रत्येक पांढरी, गुबगुबीत, वाकलेली अळी हुमणी नसते. शेणखताच्या उकिरड्यात अंगठ्याएवढ्या जाड अळ्या निघतात, त्या बऱ्याचदा गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या कुजलेलं खातात, तुमच्या गवताच्या मुळांवर त्यांचा डोळा नसतो. आणखी एक प्रकार आहे, फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. त्या ओळखायला सोपं: अळी फरशीवर ठेवा. ती उलटी होऊन पाठीवर सरपटत निघाली, पाय हवेत, तर ती खत खाणारी, निरुपद्रवी. हुमणी फरशीवर कुशीवर पडून राहते, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, आणि चालायला तिला जमत नाही. मुलांना हे दाखवा, त्यांना मजा येते. चार-पाच अळ्यांवर हा प्रयोग करून मगच खिशात हात घाला.

उपाय कोणत्या क्रमाने करायचा? जूनमध्ये भुंगेरे पकडणं सगळ्यांत स्वस्त. आवारात किंवा शेजारी कडुनिंब-बाभूळ असेल तर पहिल्या पावसानंतर आठवडाभर संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात टाका. एक मादी मारली म्हणजे पन्नासेक अंडी टळली. आणि त्या आठवड्यात लॉनमधले मोठे दिवे रात्री बंद ठेवा. भुंगेरे उजेडावर येतात, खालीच उतरतात. लोक हजारोंचं औषध घेतील, पण आठ दिवस दिवा बंद करणार नाहीत.

दुसरं, शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा, आणि ते मे-जूनमध्ये पसरू नका. फेब्रुवारीत द्या. त्यात मेटारायझियम ही मित्रबुरशी मिसळून दिली तर उत्तम. ती अळीला आतून संपवते, पण तिला ओल लागते आणि वेळ लागतो, म्हणून जूनच्या शेवटी-जुलैत पाऊस चालू असताना पाकिटावरच्या मात्रेने पुन्हा द्या. त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारलंत तर ही बुरशीही मेली, पैसेही गेले.

अळ्या खरोखर जास्त असतील तर रासायनिक. उसातल्या हुमणीसाठी इमिडाक्लोप्रिड 40 अधिक फिप्रोनिल 40 हे दाणेदार भुकटीचं मिश्रण मिळतं, त्याची उसातली मात्रा एकरी 200 ग्रॅमपर्यंत. म्हणजे गुंठ्याला 5 ग्रॅम. एवढंसंच दिसतं म्हणून लोक पंपाला पाच टाकतात. तसं करू नका. आदल्या दिवशी लॉन भिजवा, औषध झारीने किंवा नोझल काढलेल्या पंपाने समान द्या आणि लगेच वरून हलकं पाणी द्या, म्हणजे ते पानावर न राहता मुळांपर्यंत जाईल. पानावर वाळलेलं औषध हुमणीला काहीच करत नाही. हे मधमाशीला आणि माशांना घातक आहे, तेव्हा लॉनमध्ये फुललेलं तण असेल तर आधी कापा, पाणी नाल्यात जाऊ देऊ नका, आणि मुलं, कुत्रा, मांजर यांना निदान पूर्ण वाळेपर्यंत दूर ठेवा.

बरेच जण अजून "थिमेट द्या" म्हणून मागतात. थिमेट म्हणजे फोरेट, आणि ते देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे. कुणाकडे जुनं पडलेलं असेल तर ते घराच्या अंगणात, जिथे लेकरं लोळतात तिथे, टाकायचा विचारही करू नका.

बुरशी: पावसाळ्यात एक, थंडीत दुसरी

जुलै-ऑगस्टमध्ये झडी लागली, काळ्या मातीत पाणी साचलं आणि त्याच आठवड्यात कोणी युरिया टाकला की दीड-दोन फुटांचे तपकिरी गोल पडतात. गवत आधी ओलसर, गडद दिसतं, मग वाळतं. ओढल्यावर पान बुडातून सुटतं. यात औषधाआधी चार गोष्टी करा: युरिया बंद, संध्याकाळचं पाणी बंद, कापलेलं गवत उचलून बाहेर, आणि पाणी साचतं तिथे चर. एवढ्याने निम्मी प्रकरणं थांबतात. नाही थांबली तर प्रोपिकोनॅझोल लिटरला 1 मिली किंवा कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्रण लिटरला 2 ग्रॅम, डागावर आणि भोवती दोन फूट. सगळ्या लॉनवर मारायची गरज नसते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दवाच्या दिवसांत वेगळंच दिसतं. रुपयाच्या नाण्यापासून तळहाताएवढे फिकट, गवती रंगाचे ठिपके, पुष्कळ, एकमेकांत मिसळणारे. सकाळी ऊन येण्याआधी बघितलंत तर ठिपक्यांवर पांढरं जाळं. लोक म्हणतात कोळी झाले. कोळ्याचं जाळं पानांच्या टोकांवर ताणलेलं असतं, हे कापसाळ असतं आणि पानांच्या मध्ये गुंतलेलं असतं, ऊन आलं की दिसेनासं होतं. पान जवळून बघा: मधे फिकट पट्टा आणि त्याच्या वर-खाली तपकिरी रेघ. हा रोग उपाशी लॉनला होतो. इथे उलट थोडं नत्र द्यावं लागतं, गुंठ्याला किलोभर युरिया, लगेच पाणी. म्हणजे बघा, पावसाळी बुरशीत युरिया बंद आणि या बुरशीत युरिया चालू. म्हणूनच "लॉनला बुरशी लागलीय, काय मारू?" या प्रश्नाला मी आधी महिना विचारतो, मग फोटो मागतो.

कुत्र्याच्या छत्र्या गोलाकार उगवल्या आणि त्या गोलात गवत जास्तच गडद हिरवं असेल तर खाली जुन्या झाडाचं खोड किंवा मुळं कुजताहेत. प्लॉट घेताना तोडलेला कडुनिंब आठवा. छत्र्या उपटून टाका, मुलांना तोंडात घालू देऊ नका, त्या पट्ट्यात काट्याने भोकं पाडून भरपूर पाणी मुरवा. बुरशीनाशकावर खर्च करू नका, जमल्यास खोड खणून काढा.

उधई आणि लष्करी अळी

उधई जिवंत, ओल्या गवताला सहसा हात लावत नाही. ती मेलेल्या थरावर येते. कापलेलं गवत वर्षानुवर्षं तसंच पडू दिलं, बुडाशी इंच-दीड इंचाचा वाळका गादा तयार झाला, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की त्यावर मातीचे पापुद्रे दिसतात. पापुद्रा उचला, खाली पांढुरक्या उधया. आधी लोखंडी दाताळ्याने गादा विंचरून काढा, मग पाणी नियमित करा. वारूळ आवारात किंवा कुंपणाशी असेल तर उपचार तिथे करायचा. लॉनवर कितीही ओता, राणी तिकडे सुखात आहे.

लष्करी अळीचं काम वेगळं, ती फार वेगाने खाते. संध्याकाळी ठीक असलेला तुकडा दोन-तीन दिवसांत खरवडल्यासारखा होतो, पानांना खाल्लेल्या कडा, बुडाशी हिरवट लेंड्या. 2018 मध्ये मक्यावरची नवी लष्करी अळी देशात आली, आणि आपल्याकडे मका भरपूर, तेव्हा शेताला लागून प्लॉट असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लक्ष ठेवा. खात्री करायची तर भांड्याच्या साबणाचे दोन मोठे चमचे पाच लिटर पाण्यात ढवळून डागाच्या कडेला चौरस मीटरभर ओता आणि दहा मिनिटं बसा. अळ्या असतील तर वळवळत वर येतात. (हुमणी या साबणाने वर येत नाही, तिच्यासाठी खणावंच लागतं.) एमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के, 10 लिटरला 4 ग्रॅम, सूर्य मावळताना फवारा, कारण ती रात्री खाते. मुळं शाबूत असतात, त्यामुळे पाणी मिळालं की हरळी पंधरा-वीस दिवसांत भरून येते. उकरून नवीन लावायची घाई करू नका.

हरळीच्या पेरांवर पांढरा कापूस चिकटलेला दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवरच्या मंडळींचाच भाऊबंद. खुरटलेल्या झुपक्यांसह तेवढा भाग खरवडून जाळा.

मरत नाही, पण हिरवंही होत नाही

ही तक्रार खास आपल्या काळ्या जमिनीची. गवत वाढतं, पण रंग लिंबासारखा. युरिया दिला की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. इथे एक पान तोडून उजेडात धरा. कोवळी, वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, खालची जुनी पानं बरी: लोह कमी. उलट खालची पानं आधी पिवळी, तर नत्र कमी. लोह आपल्या मातीत नसतं असं नाही. चुनखडी जास्त, सामू (पीएच) आठच्या पुढे, वरून बोअरचं जड पाणी, त्यामुळे असलेलं लोह गवताला घेता येत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. तीन-चार दिवसांत फरक दिसतो. पंधरा दिवसांनी परत. एक सांगून ठेवतो: शहाबादी फरशीवर, पांढऱ्या भिंतीवर उडालं तर गंजाचा पिवळा डाग पडतो, आणि मग घरातून जे ऐकायला मिळेल त्याला माझ्याकडे उपाय नाही.

मातीवर पांढरी पापडी धरत असेल, पानांची टोकं जळत असतील, तर बोअरच्या पाण्याचे क्षार. थोडंथोडं रोज पाणी दिल्याने क्षार वरच साठतात. दोन-तीन दिवसांआड पण भरपूर द्या, म्हणजे ते खाली उतरतील. जिप्सम टाकायचं की नाही ते माती-पाणी तपासल्यावर ठरवा. कृषी विज्ञान केंद्रात विचारा: जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल, धुळ्याला कृषी महाविद्यालयाच्या आवारात, नंदुरबारला कोळदा.

आणि तो धरणातला गाळ. 2017 मध्ये गाळयुक्त शिवारची योजना सुरू झाल्यापासून गाळाच्या ट्रॉल्या बंगल्यांपर्यंत येऊ लागल्या. हलक्या, मुरमाड शेताला गाळ सोनं आहे. तयार लॉनवर त्याचा इंचभर थर म्हणजे झाकण. सुकला की तडकतो, भिजला की हवा बंद. लॉनवर वरून टाकायचंच असेल तर चाळलेली पोयटा माती, वाळू आणि कुजलेलं खत मिसळून, अर्ध्या इंचाच्या आत.

पाणी: वाट्या मांडा

तुषार सिंचन बसवलंय म्हणजे पाणी सगळीकडे सारखं पडतंय असं नाही. स्वयंपाकघरातल्या एकसारख्या आठ-दहा सरळ काठाच्या वाट्या लॉनवर मांडा, डागात दोन, चांगल्या जागी दोन, कोपऱ्यांत बाकीच्या. पंधरा मिनिटं पाणी चालवा आणि पट्टीने मोजा. एका वाटीत सहा मिलिमीटर आणि दुसरीत दोन, हे अगदी नेहमीचं. मेमध्ये आपल्याकडे लॉनला चौरस मीटरला रोजचे पाच-सहा लिटर लागतात, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. दोन मिळणारा कोपरा वाळणारच. वाऱ्याने फवारा वळतो, म्हणून दुपारी चालवूच नका, पहाटे चालवा. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, तेव्हा दहा मिनिटं देऊन अर्धा तास थांबा, परत दहा मिनिटं द्या. आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) मशीनची पाती वर करा, दीड इंचाच्या खाली कापू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच नको. कापल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं लॉन पांढुरकं दिसत असेल तर पानांची टोकं बघा. फाटून दोरे निघालेत? पातं बोथट आहे, धार लावून आणा.

मंगल कार्यालयवाल्यांचं दुखणं निराळं. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत मांडव, खुर्च्या, जनरेटरची गाडी, त्यावर दोन दिवस अंथरलेलं कार्पेट. खालची माती रस्त्यासारखी घट्ट होते. तिथे औषध, खत सगळं वाया. सिझन संपल्या संपल्या, पाऊस लागायच्या आत, भरपूर भिजवून लोखंडी काट्याने चार-चार इंचांवर भोकं पाडा आणि त्यात वाळू-खत झाडून भरा. मेच्या उन्हात कार्पेट चार तासांपेक्षा जास्त राहू नये असा माझा आग्रह असतो, पण वधूपित्याला हे कोण सांगणार! भांडी धुतलेलं खरकटं, तेलकट पाणी मात्र लॉनच्या कडेला सोडू नका, एवढं तर आचाऱ्याला सांगता येतं.

उरलेलं झटपट. मधे जळलेला आणि भोवती गडद हिरवी कडा असलेला ताटाएवढा गोल म्हणजे कुत्र्याची लघवी. ताजी असताना बादलीभर पाणी ओता. आंब्याखाली, कंपाउंडच्या उत्तरेला हरळी विरळ होते, तिला सहा तास ऊन हवं, तिथे गवताचा हट्ट सोडा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की हरळी मरगळते, फिकट होते. तो रोग नाही, झोप आहे, फेब्रुवारीत उठते. लव्हाळा उपटून संपत नाही, खाली गाठी राहतात. उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक त्यावर चालतं, पण लव्हाळा जोमात वाढत असतानाच, आणि आधी कोपऱ्यात छोट्या तुकड्यावर मारून बघा. हे सगळ्याच औषधांना लागू. लेबलवर ऊस, मका, कपाशी लिहिलेलं असतं, लॉन बहुधा नसतंच.

हुमणीने खाल्लेली जागा भरायची असेल तर ऑक्टोबरमध्ये लावू नका. मोठ्या अळ्या अजून वरच असतात आणि पुढे थंडी, गवत धरत नाही. आता फक्त मेलेला थर उचला, माती उलटीपालटी करून दोन दिवस उघडी ठेवा, साळुंक्या आणि बगळे उरलेलं काम करतील. लागवड फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला. मग कॅलेंडरवर पहिल्या वळवाची तारीख लिहा आणि त्यापासून चार-पाच आठवड्यांनी त्याच जागी फूटभर चौकोन कापून बघा.